नाव मान्सूनचं, चाल वळवाची

फ्लॅगस्टाफ, ॲरिझोना
26 जुलै

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रोज संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तुमच्या सकाळी आठला, आपलं बोलणं होतंच. पण एक गोष्ट फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून हे पत्र. आधी पावसाचं सांगते, बाबांना त्याचंच कौतुक.

बाबा, "अमेरिकेत कसला आलाय मान्सून!" म्हणून तुम्ही हसला होता. आहे हो. आपण 7 जूनला मृगाकडे डोळे लावतो, तशा इथं सरकारी दप्तरात तारखाच आहेत, 15 जून ते 30 सप्टेंबर. नाव मान्सूनचं, पण चाल पाहाल तर निव्वळ वळवाची. सकाळी आभाळ लख्ख. दहा-अकराला गावाजवळच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांच्या माथ्यावर पिंजलेल्या कापसाचा एक पुंजका दिसतो. बारापर्यंत त्याचाच दुसरा डोंगर होतो, बूड काळंभोर. दीड-दोनला गडगडाट, टपोरे थेंब, कधी हरभऱ्याएवढ्या गारा. तासाभरात सगळं आटपतं आणि पाइनच्या झाडांतून वाफ निघत राहते. आजोबा म्हणायचे ना, वळवात बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं? परवा आमच्या रस्त्याच्या या बाजूला पाण्याचे लोट आणि समोरच्या घरापुढे धुरळा होता. फक्त आपला वळीव चार दिवस तोंड दाखवून जातो, हा आठवडेच्या आठवडे दुपारपाळीला येतो.

आणतं त्याला ऊनच. खाली वाळवंट तापतं, एरवी पश्चिमेकडून येणारा कोरडा वारा दिशा बदलतो आणि कॅलिफोर्नियाच्या व मेक्सिकोच्या आखातांकडून ओल येऊ लागते. डोंगराच्या उतारांवर सकाळचं ऊन पडलं की ती ओली हवा चुलीवरच्या वाफेसारखी वर चढते. इथल्या होपी आदिवासींचं म्हणणं निराळं. त्यांचे कचिना, म्हणजे देवतांसारखे आत्मे, या शिखरांवर राहतात आणि तेच पाऊस घेऊन येतात. अकरा वाजता खिडकीतून तो पुंजका पाहताना मलाही तेच जास्त पटतं.

आई, उन्हाची काळजी करू नकोस. बातम्यांत दाखवतात ते फीनिक्स, खाली दोन-सव्वादोन तासांवर. तिथं 2023 मध्ये सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. आम्ही 2,100 मीटरवर, इथं तिशीच्या आसपास. सावलीत गारवा असतो, पण ऊन मात्र चटका देतं. जूनमध्ये पाऊस नसताना तर नुसती काहिली होते, आणि भीती वणव्याची. 2022 च्या जूनमध्ये शिखरांच्या पूर्वेचं जंगल जळालं. जळलेली माती पाणी पीत नाही, मग थोड्या पावसानेही राख-दगडांसकट लोंढा वस्तीत येतो. म्हणून त्या बाजूच्या घरांपुढे वाळूची पोती रचलेली दिसतात. आमचं घर त्या वाटेवर नाही.

आता ती गोष्ट. मागच्या रविवारी मी हम्फ्रीज शिखरावर निघाले होते, 3,851 मीटरचं. इथला साधा नियम आहे, दुपारच्या आत माथ्यावरून खाली. मला उठायलाच उशीर झाला. खिंडीपाशी पोचले तेव्हा एक वाजत आला होता, झाडं कधीच मागे पडलेली, सगळीकडे उघडा दगड. वीज चमकली, मी आकडे मोजू लागले. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरतात. नऊ मोजले. पुढच्या वेळी पाच. मग हातातली ॲल्युमिनियमची काठी मधमाशीसारखी गुणगुणायला लागली आणि दंडावरची लव ताठ उभी राहिली. काठी तिथंच फेकली आणि गारांच्या माऱ्यात घसरत-पडत झाडीपर्यंत आले. गाडीत बसल्यावर पंधरा मिनिटं किल्ली धरता येत नव्हती. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही.

आई, रागावशील, रागव. पण हे मी बाबांसाठी सांगतेय. कडकडाट सुरू झाला की तुम्ही शेतातल्या त्या एकट्या लिंबाखाली उभे राहता, हे आईने मला सांगितलंय. भोवताली सगळं मोकळं रान आणि उंच तेवढं ते एकच झाड. विजेला दुसरं काय हवं? गडगडाट ऐकू आला की घर गाठायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. म्हशीला आणायलाही नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप शेजारच्या पोराकडून फोनवर घालून घ्या. जवळपास विजेचा धोका असला की ते इशारा देतं.

आणि लिंबाखालची बाज तेवढी घरी आणून ठेवा. दिवाळीला आले की मला ती ओसरीवर दिसली पाहिजे.

तुमची,
नंदा

ता. क. काठी आणायला परत गेले नाही. लाकडाची घेतलीय.