ॲप बनवण्याआधी रुग्णांना विचारा

महोदय,

मिरजेत माझे औषधांचे दुकान आहे. हल्ली चिठ्ठीबरोबर मोबाइलही पुढे येतो, 'यात काय आलंय ते बघा की' म्हणत. रिपोर्ट उघडत नाही, टोकनचा मेसेज कळत नाही. आईचे आधार मुलाच्या नंबराला जोडलेले, म्हणून ओटीपी जातो पुण्याला आणि आई थांबते इथे दवाखान्याच्या खिडकीपाशी. केसपेपरची रांग कमी व्हावी म्हणून आलेली मोबाइल नोंदणीची सोय तिच्यासाठी दुसरी रांग होऊन बसते.

माझा या तंत्रज्ञानाला विरोध नाही. २०१९च्या महापुरात सांगलीत कित्येकांच्या जुन्या फाइली भिजून गेल्या. सरकारच्या चौदा अंकी आभा क्रमांकावर, म्हणजे रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्यावर, रिपोर्ट जपले गेले, तर अशा लोकांचे भलेच होईल. बीडहून उसाच्या तोडीला येणाऱ्या कुटुंबांना तर हे सर्वांत आधी मिळायला हवे, कारण त्यांचा दवाखाना दर हंगामात बदलतो. पण कोयता चालवून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या माणसाचा थंब मशीन घेत नाही. मिरजेला अथणी, कागवाडकडून आणि जतच्या पूर्व भागातून कानडी बोलणारे रुग्ण रोज येतात. इंग्रजी, मराठी पडदा त्यांच्या काय कामाचा?

एक गोष्ट तर फारशी कुणी बोलतच नाही. अनेक घरांत फोन एकच आणि तो पुरुषाच्या खिशात. बाईच्या तपासणीचा निकाल तिच्याआधी नवरा किंवा दीर वाचतो. गर्भाची तपासणी असो, क्षयरोगाची असो वा मानसिक आजाराची, ती बातमी आधी कुणाच्या हाती पडावी हे तिला विचारायला नको का? हा प्रश्न कार्यालयात बसून सुचत नाही. चार बायकांना विश्वासात घेऊन विचारले, तर पहिल्याच बैठकीत समोर येतो.

विचारून काम करण्याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दवाखाना बांधताना आदिवासींचे ऐकले. त्यांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती, नातेवाईक जवळ हवे होते. म्हणून झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. आकडे मोजता न येणाऱ्या दाईंना बाळाचा श्वास मोजता यावा म्हणून तिथे मण्यांचे साधे साधन तयार झाले. २००७ पासून राज्यात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखही सुरू झाली. जनसुनावणीत गावकरी औषधांचा हिशेब मागू लागले. ॲपचा हिशेब का मागू नये?

आज रुग्णाला बोलावणे येते ते सगळे तयार झाल्यावर, प्रशिक्षणाला. माझी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की यापुढे कोणतेही ॲप किंवा नोंदणी यंत्र घेताना कच्च्या आराखड्यापासूनच रुग्ण, आशाताई आणि अंध, कर्णबधिर व्यक्तींना सोबत बसवावे. त्यांचा रोज बुडतो, तेव्हा मानधन द्यावे. जतच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मराठी आणि कानडीत चालवून बघावे. तिथल्या लोकांनी दाखवलेल्या चुका दुरुस्त झाल्याचे रुग्ण कल्याण समितीने लिहून दिल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल काढू नये. आणि मोबाइल नसलेल्यासाठी केसपेपरची एक खिडकी, माणसासह, कायम उघडी ठेवावी.

– एक औषधविक्रेता, मिरज (जि. सांगली)