पत्र्याचं चर्च म्हणजे शेड नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या पत्र्याच्या चर्चवरचा लेख वाचला. असा विषय निवडलात, अभिनंदन. पण हर्टफर्डशायरमधल्या बेडमंडच्या चर्चला लेखकमहाशय ‘तात्पुरती शेड’ म्हणून मोकळे झाले आहेत. १८८० साली ८० पौंडांत उभं राहिलेलं चर्च अजून उभं आहे. हे तात्पुरतं असेल, तर पंचवीस वर्षांत ‘धोकादायक’ची पाटी लागणाऱ्या आपल्या इमारतींना काय म्हणायचं? आणि सोबतचं छायाचित्र तर स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरल्या इटालियन चॅपेलचं! ते दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांनी दोन निसेन हट, म्हणजे अर्धगोल छपराच्या पत्र्याच्या लष्करी बराकी, जोडून सजवलं. पत्रा दिसला की छापून टाकायचं, असं धोरण आहे का?

त्या काळी इंग्लंडात कॅटलॉगातून चर्च मागवायचं, सुटे भाग रेल्वेने यायचे. लाकडी सांगाडा, बाहेरून जस्ताचा मुलामा दिलेला पन्हळी पत्रा, आतून फळ्यांचं अस्तर. वस्ती वाढलेली, दगडी चर्चपुरता पैसा नाही, जागाही बऱ्याचदा भाडेपट्ट्याची. मग उचलून नेता येईल असंच बांधणार ना? बरं, हे गरिबांचंच म्हणावं, तर खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, १८५१ मध्ये स्कॉटलंडमधल्या बॅल्मोरलच्या राजवाड्यासाठी नाचघर मागवलं तेही पत्र्याचंच.

मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माणूस, म्हणून जास्त झोंबलं. कोकणातल्या आमच्या गावच्या शाळेवर जुना जाड पत्रा होता. पावसाळ्याआधी कडांना आणि खिळ्यांच्या भोकांपाशी रंग मारला की काम भागायचं. पण गावच्या पुढाऱ्यांना पत्रा म्हणजे कमीपणा. ‘स्लॅब पाहिजे!’ पाण्याचा उतार तरी नीट काढा, असं मी सभेत सांगितलं, तर ‘साहेब, आता तुम्ही रिटायर झालात’ म्हणून बसवलं. पत्रा भंगारात गेला, स्लॅब पडला, फीत कापली. दुसऱ्याच पावसात चौथीच्या वर्गात बादल्या! आता त्या स्लॅबवर, गळू नये म्हणून, काय घातलंय ठाऊक आहे? पत्र्याची शेड. तिचा खर्च वेगळा, आणि तिची फीतही वेगळी कापली.

तुमच्या लेखकांना तिचाही फोटो पाठवतो. ती मात्र खुशाल शेड म्हणून छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार

ता. क. : शनिवारच्या शब्दकोड्याचं उत्तर हल्ली मंगळवारपर्यंत येत नाही. तेही तात्पुरतंच का?