रे रोडच्या वखारीतल्या दादांना

दादा, नमस्कार.

नात मोबाइलवर वाचून दाखवेल, या भरवशावर हे लिहितोय.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्या सोसायटीतला आंबा आडवा झाला. खोडाचे दोन ओंडके मी रीतसर मागून घेतले आणि दुसऱ्याच आठवड्यात एकाला पटाशी लावली. ओलं लाकूड कसं भराभर निघतं! बसलेली बाई कोरली. ऑक्टोबरच्या उन्हात एका दुपारी खोलीत टिकली फुटावी तसा आवाज झाला. बाईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर. भुसा आणि डिंक भरून बुजवली, तर दिवाळीत शेजारी दुसरी उघडली.

तो फोटो घेऊन मी तुमच्याकडे आलो. खरं म्हणजे मला स्वस्तात साग हवा होता. तुम्ही आधी पोटभर हसलात, मग खडूने फळीवर वर्तुळं काढलीत. लाकूड सुकताना वर्तुळांच्या कडेने जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने. अख्खं खोड मग फाटणारच. उभं चिरून दोन फाका कर, तोंडांना मेण फास, सावलीत ठेव. किती दिवस, असं विचारल्यावर म्हणालात, "इंचाला एक वर्ष."

शिल्पकला शिकताना माती झाली, प्लास्टर झालं, ब्रॉन्झ झालं. हे कुणी सांगितलं नव्हतं. (सांगितलंही असेल, मी कँटीनमध्ये असेन.)

आणि ती तुळई. गिरगावातल्या पाडलेल्या चाळीची, बर्मा सागाची. फर्निचरवाले रोख मोजायला तयार होते, तरी तुम्ही ती चार महिने माझ्यासाठी बाजूला ठेवलीत आणि पैसे हप्त्याने घेतलेत. वर जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक हातात दिलंत, "करवतीआधी हे फिरव." ३१ खिळे निघाले, बरेचसे चौकोनी, हाताने घडवलेले. करवत लागली तसा चामड्यासारखा तेलकट वास खोलीभर पसरला. इतक्या वर्षांनीही!

प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडलं होतं. मी ते डाग तासणार होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "मग नवीन लाकूड घ्यायचं होतंस." राग आला होता तेव्हा. डाग ठेवले. पाळण्याची कडीसुद्धा जागच्या जागी आहे, काम तिच्याभोवतीच फिरवलं. वर फक्त जवसाचं तेल, तीन हात. ज्यांच्या घरात ते गेलं, त्यांच्या आजी सारखं त्या कडीलाच हात लावतात म्हणे.

दुसऱ्या ओंडक्याच्या फाका मेण लावून खाटेखाली ठेवल्यात. सात इंच जाड, म्हणजे २०२८. बायको रोज विचारते.

लोहचुंबक अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणून देतो, चहा माझ्याकडून.

तुमचा,
फाटक्या बाईवाला