जगज्जेतीची आठवण ऑलिम्पिकपुरतीच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेम धरण्याच्या) प्रकारात ४५१.४ गुणांसह ऑलिम्पिक कांस्यपदक जिंकले, तेव्हा आम्हा कोल्हापूरकरांचा ऊर भरून आला. खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले, ही बाब तेव्हा सर्वत्र छापून आली आणि ते योग्यच झाले. मात्र त्या ७२ वर्षांचा हिशेब मांडताना याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचा उल्लेख किती ठिकाणी झाला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे.

ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक जिंकले. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पोटावर झोपून ६० गोळ्या झाडायच्या आणि ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे. अशा लक्ष्यावर ६०० पैकी ५९७ गुण मिळवून त्यांनी तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. साठ गोळ्यांत केवळ तीन गुण गेले!

असे असूनही त्यांचे नाव घरोघरी पोहोचले नाही, याचे एक कारण उघड आहे. महिलांच्या प्रोनला स्वतंत्र प्रकार म्हणून ऑलिम्पिकमध्ये कधीच स्थान मिळाले नाही. ज्या प्रकारात त्या जगात सर्वश्रेष्ठ ठरल्या, त्यात ऑलिम्पिक पदकाची संधीच नव्हती. मेलबर्नच्या २००६ मधील राष्ट्रकुल स्पर्धेत एअर रायफलची दोन सुवर्णपदके, २०११ चा अर्जुन पुरस्कार आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला थ्री पोझिशनचे सुवर्ण एवढी कमाई गाठीशी असलेल्या या नेमबाजाला पहिले ऑलिम्पिक खेळायला मिळाले ते टोकियोत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. तेथे अंतिम फेरी हुकली आणि अनेकांच्या लेखी तेवढाच निकाल उरला. मला हे फार अन्यायाचे वाटते, कारण जड रायफल आणि ताठ जॅकेट सांभाळत वीस-बावीस वर्षे श्वासावर ताबा ठेवणे काय असते, हे एका दिवसाच्या गुणफलकावरून कळत नाही.

सन्मान आणि पारितोषिके ठरवताना, ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या प्रकारांतील जागतिक विजेतेपदही शासनाने तितक्याच मोलाचे मानावे. आपल्याकडेही एक विनंती आहे. महाराष्ट्राच्या ऑलिम्पिक पदकांचा इतिहास यापुढे छापाल, तेव्हा १९५२ आणि २०२४ यांच्या मध्ये म्युनिक, २०१० ही एक ओळ अवश्य घालावी.

आपला नियमित वाचक,
कोल्हापूर