जीएसटीचा धडा दोन तासांत गुंडाळला

संपादक साहेब, माझी मुलगी इथल्याच एका मुलींच्या हायस्कूलला दहावीत आहे, गणित भाग 1 मध्ये अर्थनियोजन म्हणून धडा आहे, जीएसटी, शेअर्स, ब्रोकरेज, एकदम कामाचं सगळं, पण बाईंनी तो दोन तासांत गुंडाळला, बाकीचं घरी सोडवा म्हणे. वर्गसमीकरणांना मात्र तीन आठवडे! 40 मार्कांच्या पेपरचं टेन्शन आम्हालाही कळतं हो. पण परवा गोखले रोडला ड्रेस घेतला तर बिलावर सीजीएसटी (केंद्राचा जीएसटी) आणि एसजीएसटी (राज्याचा) सारखाच का, हे पोरीने मला विचारलं, आणि मला तरी कुठे येतंय (आमच्या वेळी होतंच कुठे हे). प्रमेयं घोकून घेता तसं एखादं खरं बिल वर्गात दाखवा की, आमच्या ड्रॉवरमध्ये ढीग पडलाय, हवी तेवढी पाठवते.

एक आई, नौपाडा, ठाणे