बाबांच्या दाढीचा नकाशा काढून देणाऱ्या काकांना

सप्रेम नमस्कार काका,

तोंडावर आभार मानायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही खुर्चीवरचा टॉवेल झटकायला घेतलात आणि म्हणालात, "त्यात काय एवढं, ताई." पैसे पुढे केले तर हात मागे बांधून उभे राहिलात. म्हणून आता सगळ्यांना दिसेल असं लिहिते आहे. तुमच्या सलूनमधला पोरगा वाचून दाखवेल. नाहीतरी त्याचं अर्धं लक्ष मोबाइलमध्येच असतं.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. आमचे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, ३४ वर्षं. पहिली पाळी असली की पहाटे साडेतीनला मोरीतला दिवा लागायचा. खिळ्याला टांगलेला आरसा, स्टीलच्या पेल्यात गरम पाणी आणि ब्लेडची दाढी. रिटायर झाल्यावरही सवय सुटली नाही. रविवारी मात्र तुमची खुर्ची. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली. त्यानंतर एका सकाळी हनुवटीखाली ब्लेड जरासं लागलं. एरवी तुरटी फिरवली की विषय संपतो. त्या दिवशी तुरटी झाली, कापूस झाला, पंचा झाला, आणि शेवटी पाऊण तास मी बोटाने दाबून बसले. डॉक्टर म्हणाले, "ब्लेड बंद, वस्तरा बंद. इलेक्ट्रिक शेव्हर घ्या." कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला वाटलं, मिक्सर घेतो तसा शेव्हर घ्यायचा.

घेतला. ऑनलाइन सेलमध्ये, तीन गोल डोक्यांचा, चांगला महागातला, लोकांचे ढीगभर अभिप्राय वाचून. त्यातला एकही बाबांच्या मानेबद्दल नव्हता, हे नंतर कळलं. पहिल्याच आठवड्यात गळा लाल, आंघोळीचं पाणी लागलं की चुरचुर, आणि जबड्याखाली आडवे झोपलेले केस जसेच्या तसे. बाबा दाबून फिरवायचे, वर मी म्हणायचे, अजून दाबा. आठव्या दिवशी त्यांनी मशीन कपाटावर ठेवलं आणि दाढी वाढवायला घेतली. आषाढ होता. चाळीत कोणीतरी विचारलं, "श्रावण आत्तापासूनच पाळताय का?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, गावाकडे कोणाचं काही झालं का. खुंट वाढलेले ठेवून जो माणूस कधी ड्युटीवर गेला नाही, त्याला हे ऐकावं लागत होतं.

तेव्हा मी खोका घेऊन तुमच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. बाकावरच्या तिघांनी पाय आवरले, कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. पुरुषांच्या सलूनमध्ये बाई आली की काय होतं ते बघायची ती माझी पहिलीच वेळ. तुम्ही खोक्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

"मशीन राहू द्या. दाढी किती दिवसांची झालीय?"

"अकरा."

"मग आता हात लावू नका. सोमवारी दुकान बंद असतं, मी येतो."

त्या सोमवारी तुम्ही बाबांना गॅलरीत उजेडाकडे तोंड करून बसवलंत, ट्रिमरने दाढी बारीक केलीत, खुंट तेवढे ठेवलेत. मग माझ्याकडे काजळाची पेन्सिल मागितलीत. मला वाटलं, थट्टा करताय. तुम्ही बोट फिरवत गेलात: गुळगुळीत लागलं की केस त्या दिशेचा, खरखरीत लागलं की उलटा. आणि प्रत्येक ठिकाणी काजळाने एक बाण. गालावरचे बाण सरळ खाली. हनुवटीवर खाली, पण दाट आणि राठ. जबड्याच्या डाव्या बाजूला बाण एकदम कानाकडे वळले. कंठमण्याच्या उजवीकडे तर भोवरा निघाला, लहान मुलाच्या डोक्यावर असतो तसा. डाव्या जबड्याखालच्या चामखिळीभोवती तुम्ही गोल काढलात आणि म्हणालात, "हा नो एंट्री." बाबा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसले. तो फोटो माझ्या फोनमध्ये आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस, तोंडभर बाण, आणि मागे वाळत घातलेल्या चादरी.

मशीनबद्दल तुम्ही त्यानंतर बोललात, आणि ते मी इथे लिहिते, कारण माझ्यासारखे आणखीही असतील.

जाळीच्या मशीनमध्ये वर पातळ पोलादाचा भोकं पाडलेला पत्रा असतो आणि त्याच्या मागे पाती डावी-उजवी धावतात. केस भोकातून आत जातो आणि कापला जातो, कातडी पत्र्याच्या अलीकडे राहते. हे मशीन सरळ रेषेत चालवायचं. रोज दाढी करणाऱ्याला, आखूड खुंटांना आणि नाजूक कातडीला ते मानवतं. गोल डोक्यांच्या मशीनमध्ये चकतीला फटी असतात आणि आत पातं गरगर फिरतं. ते गोल गोल फिरवत न्यायचं. दोन-तीन दिवसांची वाढ, दाट दाढी, चारी दिशांना उगवलेले केस त्याच्या तावडीत चांगले येतात. बाबांच्या भोवऱ्यासाठी तेच बरं पडलं असतं, हे तुम्हीही कबूल केलंत. "पण भोवरा आठ आण्याएवढा आहे, आणि सैल कातडी पूर्ण गळाभर," तुम्ही म्हणालात. निवड कशी करायची ते मला त्या एका वाक्यात कळलं.

महागातलं मशीन फुकट गेलं नाही. ते डोंबिवलीच्या भावाला दिलं. त्याची दाढी जाड आणि तो तीन दिवसांनी एकदा करतो. तो खूश आहे, आणि माझ्या पैशांनी खूश आहे.

तुमच्या पोऱ्याचंही उदाहरण दिलंत. त्याचे केस कुरळे. जवळून कापले की टोक वळून परत कातडीत घुसतं आणि पुळ्या येतात. त्याला तुम्ही शेव्हरच घेऊ दिला नाहीत. ट्रिमर घेतला, अर्धा मिलिमीटर खुंट ठेवतो, मान साफ झाली. म्हणजे तुळतुळीत दाढी हे सगळ्यांचं ध्येय नसतं. मी एवढ्या जाहिराती बघितल्या, पण हे त्यांतल्या एकीनेही सांगितलं नव्हतं. (हे वाद जुने आहेत बरं का. रात्री बसून वाचलं: अमेरिकेत जेकब शिकचं इलेक्ट्रिक मशीन १९३१ साली विक्रीला आलं, नेदरलँड्सच्या फिलिप्सचं गोल डोक्याचं १९३९ साली आणि जर्मनीच्या ब्राऊनचं जाळीचं १९५०च्या सुमारास. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आणि आमच्या घरी आत्ता पोचलं.")

जाळीचं मशीन घ्यायला लॅमिंग्टन रोडला जाताना तुम्ही एकच प्रश्न पाठ करून दिला होता: "आधी विचारा, याची जाळी सुटी मिळते का? किंमत नंतर." पहिल्या दुकानदाराने तोंड वाकडं केलं. दुसरा म्हणाला, मागवून देऊ, कधी ते सांगता येणार नाही. तिसऱ्याने न बोलता ड्रॉवर उघडला आणि जाळी-पात्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं. जाळी आणि पाती वर्ष-दीड वर्षात बदलावी लागतात, आणि ती मिळाली नाहीत तर मशीन म्हणजे पेपरवेट. तिथे मला पाच पात्यांचं मोठं डोकंही दाखवलं. हातात घेतल्यावर कळलं की ते जड आहे, आणि बाबांच्या नाकाखाली मावणार नाही. त्यांचा उजवा हात आता थोडा थरथरतो, म्हणून हलकं, रबरी पकडीचं, मोठ्या बटणाचं असं साधं मशीन घेतलं. पहिल्याच्या निम्म्याहून कमी पैशांत. फेस लावून शॉवरखाली चालणारं हवं का, असं दुकानदाराने विचारलं. आमच्या मोरीत शॉवर नाही, विषय संपला.

मशीन घेतलं म्हणजे झालं असं मला वाटत होतं. तुम्ही बजावलं होतंत, "तीन आठवडे शिव्या खायची तयारी ठेवा." कातडीला या मशीनची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि मधेच ब्लेडकडे वळलं की पुन्हा पहिल्यापासून. बाबांनी शिव्या दिल्या नाहीत, फक्त रोज आरशात बघून "ब्लेडची सर नाही" म्हणायचे. ते खरंच आहे, नाही. पण रक्तही नाही.

पावसाळ्याने खरी परीक्षा घेतली. आपल्या गिरगावात जुलैमध्ये माणूस पंख्याखाली बसूनही चिकट असतो. घामट गालावर जाळी सरकायच्या ऐवजी ओढायची. मी धावत तुमच्याकडे आले तर तुम्ही हातातला पावडरचा डबा उचलून दाखवलात, बस. आता क्रम ठरला आहे: आंघोळीच्या आधी, चेहरा पंचाने कोरडा, तळहातावर चिमूटभर टाल्कम पावडर. डाव्या हाताने कातडी ताणायची, उजव्या हातात मशीन सरळ उभं, आणि बाणांच्या उलट दिशेने हळू. दाबायचं नाही. दाबलं की कातडी भोकांतून फुगून आत जाते आणि सोलवटते. पहिल्या मशीनला मी जो दोष दिला त्यातला अर्धा माझ्या "अजून दाबा"चा होता. गालाला सुरकुती असेल तिथे मी म्हणते, "बाबा, गाल फुगवा," आणि ते फुगवतात. जबड्यापाशी आलं की स्वतःच पुटपुटतात, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे."

झाल्यावर जाळी काढून वर्तमानपत्रावर हलकेच आपटायची. पांढऱ्या राखेसारखी भुकटी पडते. जाळीला ब्रश लावायचा नाही, ती पातळ असते, वाकते. आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आईची जुनी बाटली अजून होती, तिच्या शिलाई मशीनला आता कोणी हात लावत नाही, तेल मात्र कामाला आलं. आणि महिन्यातून एकदा जाळी उजेडासमोर धरून बघायची, कुठे भोक फाटलं आहे का. बाबांसारख्याला फाटकी जाळी ब्लेडइतकीच वाईट, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. चामखिळीच्या बाजूला मी अजूनही श्वास रोखून जाते.

काका, एक गोष्ट मला खूप उशिरा लक्षात आली. या सगळ्यात तुमचं एक कायमचं गिऱ्हाईक कमी झालं. रविवारी सकाळची ती खुर्ची, वस्तऱ्याचा तो आवाज, शेवटची तुरटी, सगळं तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलंत. मी तसं म्हटलं तर म्हणालात, "दाढी गेली, डोक्यावरचे केस आहेत ना अजून." बाबा महिन्यातून एकदा केस कापायला येतात आणि दाढी न करता तासभर बसतात, हे मला माहीत आहे. दोघं मिळून बेस्टच्या नव्या गाड्यांना नावं ठेवता, हेही माहीत आहे.

आज सकाळी बाबांनी उजवा गाल आणि हनुवटी स्वतः केली. डावीकडे माझा हात लागला. नंतर त्यांनी गालावरून उलटा हात फिरवला, दोनदा, पूर्वी ड्युटीवर निघताना फिरवायचे तसा, आणि काही न बोलता चहा मागितला.

मशीन घेऊन आता दहा महिने होतील. काल उजेडात धरलं तर जाळीच्या कडेला एक भोक जरा मोठं दिसलं. माझा डोळा की खरंच, ते तुम्हीच सांगाल. सुटी जाळी ड्रॉवरमध्ये तयार आहे. सोमवारी चहाला या. आणि काका, येताना माझी काजळाची पेन्सिल आणा, त्या दिवशी ती तुमच्या शर्टाच्या खिशातच गेली.

तुमची,
दोन नंबर चाळीतली ताई