चवथीला कॉम्प्युटर जोडण्याआधी

म्हापसा

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

चवथीला घरी आलीस की कॉम्प्युटर जोडायचा, हे ठरलं. जोडणी एका दुपारची. काम अडतं ते एकमेकांना न जुळणाऱ्या भागांपाशी. म्हणून ऑर्डर देण्याआधी हे वाच.

रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर निवडलास ते बरं केलंस. त्यात डिस्प्लेपुरतं ग्राफिक्स आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घेतलं तरी चालेल. थोडे पैसे वाचतात म्हणून ७५००एफकडे वळू नकोस. त्यात ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहील. हा प्रोसेसर एएम५ सॉकेटच्या मदरबोर्डावर बसतो, आणि त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. जुन्या मशीनमधली डीडीआर४ बसणार नाही; पिना दोन्हीकडे २८८च, पण खाच वेगळ्या जागी. १६ जीबीच्या दोन पट्ट्या घे. चार लावल्या की वेग उतरतो. त्या दोन पट्ट्या, प्रोसेसरच्या बाजूने मोजून, रॅमच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसव.

काचेच्या कॅबिनेटवर नि रंगीत दिव्यांवर पैसे घालण्यापेक्षा ते एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर घाल: चांगल्या कंपनीचा, ५५० वॅटचा. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो नको. केबल सुट्या होणाऱ्या प्रकारचा असेल तर त्याच्याच केबल वापर. दुसऱ्याच्या केबलचं टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क जळते.

मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि कूलर बाहेरच बसव. पिना सॉकेटमध्ये असतात, एक वाकली तरी बोर्ड गेला समज. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेव, दाबू नकोस. सॉकेटची दांडी खाली आणताना चांगलाच जोर लागतो आणि सॉकेटवरचं काळं झाकण आपोआप सुटतं. ते जपून ठेव, वॉरंटीत बोर्ड परत करताना मागतात. प्रोसेसरबरोबर येणाऱ्या कूलरला उष्णता वाहून नेणारी पेस्ट आधीच लावलेली असते. वेगळी ट्यूब नको, बोटही लावू नकोस. बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या काढल्याशिवाय तो बसत नाही. त्याचे चार स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळ. एकच पूर्ण आवळलास तर कूलर तिरका बसतो.

कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या भोकाखाली नसलेला पितळी खुंटा आधी काढून टाक, नाहीतर मागून शॉर्ट होईल. २४ पिनांची केबल सगळे लावतात, विसरतात ती वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची ८ पिनांची. ग्राफिक्स कार्डाचीही केबल ८ पिनांची असते, तेव्हा टोकावरचं 'सीपीयू' वाचूनच लाव. पुढच्या बटणाची वायर बहुतेक बोर्डांवर ६ आणि ८ नंबरच्या पिनांवर जाते, उलटी लागली तरी चालते. बटणाजवळच्या दिव्याची मात्र २ वर प्लस, ४ वर मायनस. उलटी लागली तर दिवा पेटत नाही, एवढंच.

आता आपल्या पावसाचं. एसीच्या खोलीत गार झालेलं खोकं दमट हॉलमध्ये लगेच उघडलंस तर धातूवर पाणी सुटेल. तासभर बंदच राहू दे. या दिवसांत अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही, तरी एसएमपीएसचा थ्री-पिन लावून, भिंतीवरचा स्विच बंद ठेवून, मधून मधून कॅबिनेटच्या बिनरंगाच्या पत्र्याला हात लाव. स्विच बंद असला तरी अर्थिंग जोडलेलं राहतं. टेबलाजवळच्या सॉकेटचं अर्थिंग मी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतो. गडगडाट सुरू झाला की यूपीएस असूनही प्लग काढायचा, राउटरची वायरसुद्धा.

पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं काहीच दिसणार नाही, बोर्डावर रॅमचा दिवा तेवढा पेटलेला राहील. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बंद केलंस तर पुन्हा पहिल्यापासून. नंतर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, एक्स्पो ही रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग चालू कर, नाहीतर ६००० वेगाची रॅम कमी वेगानेच धावेल.

येताना १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ आणि त्यातच बोर्डाच्या वाय-फायचा ड्रायव्हर घेऊन ये. विंडोज बसताना इंटरनेट मागतं, आणि ड्रायव्हर नसला तर तिथेच अडतं. स्क्रूड्रायव्हर आणू नकोस, चुंबकाच्या टोकाचा घरी आहे.

तुझा,
बाबा